किनाऱ्यावरचा शेवटचा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. वाजवायचा नव्हे, रॉकेल भरायचा. तुमच्या शाळेच्या मागच्या व्हरांड्यात, हात धुवायच्या नळांच्या पलीकडे, हिरवा रंग उडालेला आणि कुशीला मूठ जाईल एवढे भोक पडलेला जो कोणी उभा आहे, तो मी. मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्या डोक्यावर डबे ठेवता. तुमच्यातला एकजण तर रोज माझ्यावर चढून उडी मारतो. माझी काही तक्रार नाही. मला माणसे आवडतात, कारण माणसे नसली की कसे वाटते ते मी पुष्कळ वर्षे अनुभवले आहे.

आज मी बोलतो आहे त्याला कारण आहे. माझे तुमच्याकडे एक काम आहे आणि ते सोमवारच्या आत व्हायला हवे. पण माझी गोष्ट ऐकल्याशिवाय ते काम तुम्हाला पटायचे नाही. म्हणून आधी गोष्ट, मग काम.

माझा जन्म एका मोठ्या, गोंगाटाच्या कारखान्यात झाला. सपाट पत्र्याला रोलरमध्ये घालून वाकवले, जोड दिला, बूड बसवले, झाकण बसवले आणि पोटाभोवती दोन कडी उमटवली. शेवटी एक तपासनीस लाकडी हातोडी घेऊन आला. तो प्रत्येक ड्रमवर एक टोला द्यायचा आणि कान लावून ऐकायचा. माझ्यावर टोला दिला तेव्हा मी असा काही खणखणीत वाजलो की तो मान हलवून म्हणाला, "हा टिकेल." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. खरे सांगतो, ती मी अजून विसरलेलो नाही.

मग माझ्या पोटात रॉकेल भरले, मला ट्रकमध्ये चढवले आणि ट्रकमधून जहाजात. जहाज हलले की माझे रॉकेल डचमळायचे आणि मला कसेसेच व्हायचे. माझ्यासारखे शेकडो ड्रम तिथे खांद्याला खांदा लावून उभे होते. बरेच दिवसांनी आम्हाला उतरवले ते ध्रुवाजवळच्या एका किनाऱ्यावर. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळायचे नाव घेत नाही आणि हिवाळ्यात उगवायचे. हवामानाची मोजमापे घेणाऱ्या माणसांचे तिथे एक ठाणे होते. म्हणजे एक लाकडी झोपडी, आत एकावर एक फळ्यांचे बिछाने, शेगडीभोवती खिळ्यांना टांगलेले ओले मोजे आणि छपरावर भिरभिरणारे वारा मोजायचे यंत्र.

तिथे माझा मोठा मान होता. शेगडी माझ्या जिवावर, कंदील माझ्या जिवावर. ठाण्याचे प्रमुख रोज सकाळी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा आहे तोवर आपण आहोत." ऐकून मी फुगायचो, म्हणजे पत्र्याला जेवढे फुगता येते तेवढा.

पण एके दिवशी मी रिकामा झालो. रिकाम्या ड्रमला कोण थाप मारणार? मग मी कपडे वाळत घालायच्या दोरीला आधार झालो, पत्ते खेळायचे टेबल झालो आणि एका खेळकर गृहस्थाने तर मला लोळवून शर्यतही लावली. तेही मला चालत होते. मग ठाणे बंद करायचा हुकूम आला. माणसांनी घाईघाईने बोचकी बांधली. जाताना कोणीतरी आमच्याकडे बघून म्हणाले, "यांना पुढच्या बोटीने नेऊ." ते शब्द मी कितीतरी वर्षे मनात घोळवत बसलो. पुढची बोट काही आली नाही.

अख्ख्या किनाऱ्यावर आमची पलटण पसरली होती. वाऱ्याने आम्हाला लोळवले, मिठाने आमचा रंग खाल्ला. काही ड्रमांच्या पोटात उरलेले तेल हळूहळू झिरपले आणि आजूबाजूचे हिरवे शेवाळ काळे पडले. त्याची मला फार लाज वाटायची. आम्ही आपणहून तिथे गेलो नव्हतो, पण घाण तर आमच्याच पोटातून गळत होती. मला एकच ध्यास लागला होता, घरी जायचे.

अशीच एकदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला बोट आली आणि तिच्यातून ताई उतरल्या.

ताई म्हणजे कोण, हे मला त्यांच्या आचाऱ्याकडून कळले. तो बोलायला लागला की थांबायचा नाही. ताई पायाला बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या बांधून, सामानाची घसरगाडी ओढत, एकट्या ध्रुवापर्यंत चालत गेल्या होत्या. परतीच्या वाटेवर त्यांना आमचा किनारा लागला. घरी गेल्यावर लोकांनी हारतुरे दिले आणि विचारले, "जगाच्या टोकावर काय पाहिलंत?" सगळ्यांना वाटले, ताई बर्फाचे, प्रकाशाचे काहीतरी सांगतील. ताई म्हणाल्या, "ड्रम." आणि मग त्यांनी पुढचे मोठे साहस म्हणून आम्हाला घरी आणायचे ठरवले. हा आचारी ताईंचा धाकटा दीर होता. बाकी सगळे ताई म्हणत, तो वहिनी म्हणायचा, आणि त्या त्याला भावजी.

ताईंच्या तुकडीचा नियम सोपा होता. तिथले काडीभरही उचलायचे नाही आणि आपले काडीभरही ठेवायचे नाही. ताई कोणावर ओरडत नसत. सगळ्यात घाणेरडे काम, म्हणजे तेलाने माखलेली माती खरवडायचे, त्या स्वतः करत आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसत. त्यांचा आणखी एक गमतीचा नियम होता. ज्याला राग आला त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. तिथे नळ नव्हता. बर्फ वितळवून पाणी करायचे, ते उकळायचे, मग चहा. तेवढ्या वेळात रागाची वाफ निघून जायची आणि चहाही मिळायचा.

काम झपाट्याने चालले. तुकडीतल्या मिस्त्रींनी एक दाबयंत्र आणले होते. ड्रम आत घातला की थाळीसारखा चपटा होऊन बाहेर पडायचा. चपटे व्हायला माझे मन तयार नव्हते, पण घरी जायला मिळणार तर चपटे तर चपटे, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. यंत्रात घालायच्या आधी तुकडीच्या डॉक्टरीणबाई प्रत्येक ड्रम आतून साफ करत. एकदा माझी पाळी आली. बाईंनी भोकातून आकडा घालून माझ्या पोटातले सुके गवत आणि पिसे बाहेर काढली, ती तिथेच जमिनीवर ठेवली आणि माझ्यावर पांढरी खूण केली.

दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात परत गवत.

बाईंनी ते काढले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गवत. तेही काढले, आणि पुढच्या सकाळी मी आपला गवताने भरलेला.

बाई कमरेवर हात ठेवून मिस्त्रींसमोर उभ्या राहिल्या. "मिस्त्री, थट्टा पुरे झाली हां."

"कसली थट्टा?"

"मी रोज गवत काढते आणि तुम्ही रोज भरता."

"मला दुसरे उद्योग नाहीत का? त्या आचाऱ्याला विचारा. असले धंदे त्याचेच."

आचारी पातेले घासता घासता म्हणाला, "एवढं गवत माझ्याकडे असतं तर मी तुमच्या भाजीत नसतं का घातलं? हिरवं काही मिळत नाही म्हणून रोज तुम्हीच ओरडता."

त्या दिवशी तिघांनाही राग आला, त्यामुळे चहा तीनदा झाला.

मला सगळे माहीत होते, पण सांगतो कसा? शेवटी ताई म्हणाल्या, "मी बसते ड्रमजवळ." त्या हातात कप घेऊन एका दगडावर बसल्या आणि अजिबात हलल्या नाहीत. थोड्या वेळाने ती आली. पांढरी, मूठभर, पंखांना काळी किनार असलेली चिमणी. चोचीत स्वतःपेक्षा लांब गवताची काडी. ती काडी आडवी धरून भोकातून आत शिरायला बघत होती आणि काडी काठाला अडत होती. दोनदा अडली, मग तिने काडी उभी धरली आणि गेली आत.

ताई झोपडीत जाऊन म्हणाल्या, "गवत भरणारा सापडला. त्याला कोणी बोलायचं नाही." मग सगळी तुकडी पोटावर झोपून लांबूनच माझ्याकडे बघत राहिली. एवढे कौतुक माझे रॉकेलच्या दिवसांतही झाले नव्हते.

डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. "मी तिचं घर तीनदा मोडलं, ताई."

"आणि तिने परत बांधलंय. आता आपण हात मागे घ्यायचे."

"पण दगडांत जागा नाही का हिला?" आचाऱ्याने विचारले.

"दगड होते. आपल्याच माणसांनी झोपडीच्या पायाला नेले," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. माझ्या पोटात अंडी होती. ऊन आले की मी तापायचो, आणि पहिल्यांदाच माझी ऊब कोणाच्या तरी उपयोगी पडत होती. मग अंडी फुटली आणि चार पिल्ले एकदम चिवचिवायला लागली. कारखान्यातल्या त्या तपासनिसाने आता टोला दिला असता, तर हा ड्रम असा कसा वाजतो म्हणून तोंडात बोट घातले असते.

इकडे बाकी सगळा किनारा मोकळा झाला. झोपडीही उतरवली, तिच्या पायाचे दगड मूळ जागी नेऊन ठेवले. उरलो फक्त मी. आणि जहाज आले.

जहाजातून पाहणी करणारे साहेब उतरले. त्यांच्या शेऱ्यावर सगळे अवलंबून होते. किनारा संपूर्ण स्वच्छ, असे त्यांनी लिहिले तर तो कायमचा पशुपक्ष्यांसाठी राखला जाणार होता. नाही लिहिले तर तिथे तेलाची मोठी वखार उघडायला एक कंपनी टपूनच बसली होती. म्हणजे परत ड्रम, परत काळे शेवाळ.

मिस्त्री हळूच म्हणाले, "ताई, रात्रीपुरता लोळवू का त्या टेकाडामागे? साहेबांना दिसायचाही नाही."

"नको," ताई म्हणाल्या. "आपण लपवायला आलो नाही." आणि त्यांनी साहेबांना सरळ माझ्यासमोर आणून उभे केले.

साहेबांनी वाकून भोकात डोळा लावला. तेवढ्यात चिमणी चोचीत किडा घेऊन आली. दाराशी साहेब. ती त्यांच्या पिशवीवर बसून वाट बघत राहिली. साहेब चटकन बाजूला झाले आणि "सॉरी" म्हणाले. कोणाला म्हणाले, हे त्यांनाही कळले नसावे. पण मग त्यांनी टोपी नीट केली. "गोड आहे सगळं. पण वस्तू राहिली तर मला 'स्वच्छ' असं लिहिता येणार नाही. पिल्लं हलवा, नाहीतर शेरा विसरा. जहाज उद्या निघतंय."

ताईंनी पातेल्यात बर्फ घातला आणि शेगडी पेटवली. तुकडीतले सगळे एकमेकांकडे बघू लागले. ताईंना कधी चहा करताना कोणी पाहिले नव्हते.

चहा झाला. साहेबांच्या हातात कप देऊन ताई शांतपणे म्हणाल्या, "ड्रम इथे राहणार नाही, साहेब. पिल्लं उडाली की येईल. तोवर मी त्याच्याजवळ थांबते. शेऱ्याची जागा तुम्ही कोरी ठेवा. ड्रम तुमच्या दारात आणून ठेवला की भरा."

"तुम्हाला न्यायला लहान बोट येईल ती उन्हाळा संपताना. ती बर्फात अडकली तर?"

"तर हिवाळाभर भावजींच्या हातचं खावं लागेल. नियमाला उशीर केल्याची तेवढी शिक्षा पुरे."

"म्हणजे मी थांबायचं ठरलं वाटतं," आचारी म्हणाला. त्याचा चेहरा मात्र खुलला होता.

साहेब हसले नाहीत. कप संपवून म्हणाले, "कोरी ठेवतो. पण बोट तुमच्याशिवाय किंवा ड्रमशिवाय आली, तर तिथे 'नाही' लिहीन."

ताईंनी जहाजावरून घरी फोन लावला. त्यांची मुलगी तेव्हा तुमच्याच शाळेत होती. शाळा उघडायच्या आत येते, असा शब्द ताईंनी तिला दिला होता. परत आल्या तेव्हा आचाऱ्याने विचारले, "रडली का?"

"नाही. पिल्लं किती आहेत, एवढंच विचारलं." हे सांगताना ताईच डोळे पुसत होत्या.

जहाज गेले. दाबयंत्रही गेले. एक तंबू, ताई, आचारी आणि मी. रोज सकाळी ताई माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलायच्या, आत पिल्ले आहेत हे आठवून नुसता हात ठेवायच्या. प्रमुखांच्या थापेपेक्षा मला ते जास्त आवडायचे.

पिल्ले मोठी झाली. एक उडाले, दुसरे उडाले, तिसरेही धडपडत दगडांपर्यंत पोचले. चौथे पक्के भित्रे. भोकाच्या काठावर यायचे, बाहेर बघायचे आणि आत जाऊन बसायचे. आणि त्याच दिवशी बोट आली.

नावाडी उतरला तो नाकावर राग घेऊनच. "ताई, बर्फ माझ्या मागे लागलाय. ड्रम उचला आणि चला. आत्ता निघालो तर निघालो."

"एक पिल्लू राहिलंय."

"एका पिल्लासाठी तीन माणसं अडकवायची?"

आचारी हळूच म्हणाला, "वहिनी, हाताने काढून दगडावर ठेवू या ना."

"ते अजून एकदाही उडालेलं नाही. घाबरून पडलं तर?" ताईंनी समुद्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग नावाड्याला म्हणाल्या, "बोट तुमची आहे. तुम्ही 'चला' म्हणालात की मी एक शब्द न बोलता चढेन. पण तुम्हाला राग आलाय का?"

"आलाय. चांगलाच आलाय."

"मग इथला नियम आहे. चहा तुम्ही करायचा."

नावाडी बघतच राहिला. पण रागातही माणसाला चहा हवा असतो. "एका चहापुरता थांबतो. चहा प्यायचा आणि निघायचं," तो म्हणाला. आचाऱ्याने मोठ्या तत्परतेने त्याच्यापुढे पातेले ठेवले. तंबूत पाण्याचा भरलेला डबा होता, तो मात्र त्याला दिसला नाही. त्याने आणून दिला बर्फ, तोही चांगला घट्ट, निळसर, लवकर न वितळणारा.

शेगडी फुरफुरत होती. नावाडी पातेल्यात डोकावून बर्फाला नावे ठेवत होता. ताई दगडावर, पहिल्या दिवशी बसल्या होत्या तशाच, न हलता बसल्या होत्या. आणि मी श्वास रोखून होतो. पिल्लू काठावर आले. त्याची इवलीशी नखे माझ्या गंजलेल्या पत्र्यावर रुतली. समोर दगडावर त्याची आई किडा दाखवत ओरडत होती. पिल्लू मागे सरकले, पुन्हा पुढे आले. त्याने दोन्ही पायांनी मला जोरात ढकलले, ते मला स्पष्ट जाणवले, आणि मग पायांचे ओझे नव्हतेच.

ते उडाले म्हणण्यापेक्षा पडत पडत गेले, पण दगडांपर्यंत गेले. आचाऱ्याने नावाड्याला मिठी मारली. नावाडी म्हणाला, "अहो, पाणी आत्ता कुठे कोमट झालंय," आणि मग तोही हसायला लागला. तो कोमट चहा तिघांनी उभ्यानेच प्यायला.

ताईंनी माझ्यातले गवत हलक्या हाताने काढून दगडांच्या फटीत ठेवले. मला उचलले तेव्हा माझ्याखाली एक गोल, उघडी जमीन होती. ताई सगळ्यांच्या शेवटी बोटीत चढल्या. मी घरी निघालो होतो.

साहेबांनी कोऱ्या जागेत 'स्वच्छ' असे लिहिले, तेही माझ्यावर कागद ठेवून. पुढच्या उन्हाळ्यात ताई किनारा बघून आल्या आणि मला सांगून गेल्या की पांढरी चिमणी आता दगडांच्या फटीत राहते, आणि माझ्या जागी त्या गोलात हिरवे शेवाळ उगवले आहे. माझी जागा आता रिकामी आहे, मित्रांनो, आणि याचा मला किती आनंद आहे ते शब्दांत सांगता येत नाही. दाबयंत्र आधीच गेल्यामुळे मी चपटा व्हायचा वाचलो. मुलीच्या हट्टामुळे मला तिच्या शाळेत, म्हणजे तुमच्याकडे, जागा मिळाली. ती मुलगी आता मोठ्या शाळेत गेली, आणि माझी गोष्ट इथे कोणाला ठाऊक नाही.

आता ते काम.

गेले काही दिवस शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी माझ्या पोटातून सुके गवत काढतात. दुसऱ्या दिवशी परत गवत. परवा त्या तुमच्यावर ओरडल्या, "कोण रे मेलं रोज गवत कोंबतंय इथे?" तुम्ही सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होता. आणि सोमवारी रंगारी येणार आहे. माझे भोक बुजवून, मला रंग देऊन, माझा कचऱ्याचा डबा करायचा असे ठरले आहे. कचऱ्याचा डबा होण्यात कमीपणा नाही. मी तो आनंदाने होईन, पण जरा उशिराने.

मला बोलता येते, पण मोठ्या माणसांना ते ऐकू येत नाही. तुम्हाला येते, म्हणून सांगतो. जिथे जाल तिथून परत येताना आपल्या वस्तू आपल्याबरोबर आणा, आणि एखादी वस्तू हलवायच्या आधी तिच्या आत कोणी राहत नाही ना, ते वाकून बघा. आधी तुम्ही या आणि बघा, लांबूनच. मग मावशींना सांगा. त्या कामाच्या घाईत असतात, त्यामुळे रागावतील. रागावल्या तर त्यांना आमच्या किनाऱ्याचा नियम सांगा, ज्याला राग आला त्याने चहा करायचा. आणि चहा झाला की त्यांना कप घेऊन माझ्यासमोरच्या पायरीवर बसवा. पुढचे काम चिमणी करील.